वरचा एकच दात आत गेलेला आहे: कॅप, अलायनर की तारा?

निरगुडी

नमस्कार. मला एका दाताविषयी सल्ला हवा आहे. माझे वय ३४ आहे. वरच्या डाव्या बाजूला, समोरच्या मोठ्या पटाशीच्या दाताला लागून असलेला दुसरा दात टाळूच्या बाजूला आत गेलेला आहे. दुधाचा दात वेळेवर पडला नाही आणि कायमचा दात त्याच्या मागून उगवला, असे आई सांगते. त्या काळी आमच्या गावात दुधाचा दात वेळीच काढून घ्यावा हे कुणाला सुचले नाही. बाकीचे दात बरेचसे सरळ आहेत. तोंड मिटले की वरचे सगळे दात खालच्या दातांच्या पुढे येतात, हा एकटा मात्र खालच्या दाताच्या मागे जाऊन बसतो.

दिसण्याचे मला आता फारसे काही वाटत नाही. पण अलीकडे त्याच्या समोरच्या खालच्या दाताची हिरडी खाली उतरली आहे, थंड पाण्याने तो दात शिवशिवतो आणि दोन्ही दातांच्या कडा तिरक्या झिजल्या आहेत. म्हणून तीन ठिकाणी दाखवले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की, रूट कॅनाल करून दात घासू आणि त्यावर पुढे आलेली कॅप बसवू, म्हणजे आठवड्याभरात विषय संपेल. दुसरीकडे, अलायनर म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे विकणाऱ्या एका काउंटरवर, तोंडाचे स्कॅन करून दात हळूहळू सरळ होत जातानाची चित्रफीत दाखवली आणि त्याच दिवशी पैसे भरल्यास सवलत देऊ केली. तिसऱ्या, ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ) बाईंनी, वरच्या सर्व दातांना आणि खालच्या समोरच्या दातांना साधारण वर्षभर तारा लावाव्या लागतील असे सांगितले. एका दातासाठी इतक्या दातांना तारा कशासाठी, हा माझा मूळ प्रश्न आहे.

ऑर्थो_सांगली

निरगुडीताई, मी याच शाखेत काम करतो. तोंड न तपासता उपचार सुचवणे योग्य नाही, त्यामुळे कोणाचे बरोबर हे मी सांगणार नाही. मात्र तिघांनी सुचवलेल्या गोष्टींमध्ये फरक काय आहे ते सांगता येईल.

एखादा दात रांगेबाहेर असतो तेव्हा बहुतेक वेळा रांगेत त्याच्यासाठी जागाच उरलेली नसते. वरचा दुसरा पटाशीचा दात साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो. शेजारचे दोन दात एकमेकांकडे सरकून मधली फट साडेचार मिलिमीटरच राहिली असेल, तर दोन मिलिमीटर कुठून आणायचे हे आधी ठरवावे लागते. ती जागा शेजारचे दात बाजूला सारून, दातांची संपूर्ण कमान थोडी रुंद किंवा पुढे करून, दातांच्या कडा कागदाइतक्या बारीक घासून, किंवा गर्दी फारच असेल तर एखादा दात काढून मिळते. कडा घासताना दोन दातांच्या मधल्या एका सांध्यात मिळून साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच घासतात, म्हणजे तिथेही हात मोकळा सोडता येत नाही. साधन कोणतेही असो, हे गणित सुटत नाही. म्हणून ज्यांना ज्यांना दाखवाल त्यांना ‘जागा किती कमी आहे आणि ती कुठून काढणार’ एवढे अवश्य विचारा. उत्तर मिलिमीटरमध्ये आले पाहिजे.

आता तुमचा मूळ प्रश्न. दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा घट्ट नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरचा तंतूंचा थर असतो. दाताला हलका आणि सतत दाब मिळाला की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड विरघळते आणि मागे ताण पडतो तिथे नवे हाड तयार होते. ही क्रिया महिन्याला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने चालते आणि जास्त जोर लावून ती लवकर होत नाही, उलट तंतूंचा रक्तपुरवठा दबून दात अडून बसतो. पण दाब द्यायचा तर कशाच्या तरी आधारानेच द्यावा लागतो. आतला दात पुढे ढकलताना तेवढाच उलटा जोर आधार देणाऱ्या दातांवर येतो. आधार दोनच दातांचा घेतला तर ते दोन दात वाकडे होतील. तो दहा-बारा दातांवर वाटला तर कुणालाच फारसा जाणवत नाही. तुमच्या डॉक्टरांनी सगळ्या दातांना तारा सांगितल्या त्या मुख्यतः या कारणाने. काही रुग्णांमध्ये चार पटाशीचे दात आणि मागच्या दोन दाढा एवढ्यांवरच काम भागते, परंतु ती पद्धत लहान मुलांमध्ये जास्त वापरतात.

तुमच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, दात खालच्या दाताच्या मागे अडकलेला आहे. तो पुढे येताना खालच्या दातावरून उडी मारून यावा लागेल, आणि प्रत्येक घास चावताना खालचा दात त्याला पुन्हा आत ढकलेल. म्हणून काही आठवडे मागच्या दाढांवर सिमेंटचे छोटे उंचवटे करून समोरचे दात एकमेकांना लागणार नाहीत अशी व्यवस्था करतात. दुसरी, दाताचे मूळ. टाळूकडून उगवलेल्या दाताचे मूळही बहुधा टाळूकडेच असते. नुसता दाताचा दिसणारा भाग पुढे कलवला तर आरशात दात सरळ दिसतो, पण मुळाशी हिरडीवर खळगा राहतो आणि दात मागे फिरण्याचा धोका वाढतो. मूळ पुढे आणण्यासाठी शेवटच्या टप्प्यात चौकोनी छेदाची तार घालून पीळ द्यावा लागतो. या कामातले शेवटचे महिने तिथेच खर्च होतात, आणि रुग्ण नेमका तिथेच ‘आता तर सरळ झाला, काढा तारा’ असा तगादा लावतात.

सातमाळा

कॅपच्या पर्यायाविषयी मी लिहितो, कारण माझ्या पत्नीने अशाच आत गेलेल्या दाताला बारा-तेरा वर्षांपूर्वी कॅप बसवून घेतली होती. लग्नाची तारीख जवळ आली होती आणि तारांना वेळ नव्हता. फोटोत दात उत्तम दिसला. मात्र दाताचा बुंधा होता तिथेच राहिला आणि कॅप तेवढी पुढे काढलेली, त्यामुळे हिरडीजवळ एक छज्जा तयार झाला. त्या छज्जाखाली रोज अन्न अडकत असे. पोहे आणि मेथीची भाजी खाल्ल्यावर तर हमखास. हिरडी लाल राहू लागली, ब्रश करताना रक्त येऊ लागले आणि शेवटी कॅपच्या कडेखाली कीड लागली. कॅप काढली तेव्हा खाली दाताचा एवढासा खुंट उरलेला होता. मूळ दाताला ना कीड होती, ना दुखणे. चांगला दात आम्ही दिसण्यासाठी खर्ची घातला. दाताचे वरचे कठीण आवरण एकदा घासले की ते शरीर पुन्हा तयार करत नाही, एवढे तरी त्या वेळी कुणी स्पष्ट सांगायला हवे होते.

ऑर्थो_सांगली

सातमाळा यांनी सांगितलेली अडचण नेहमी दिसते. तरीही कॅप आणि व्हिनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) यांना सरसकट वाईट ठरवू नये. दात जागेवर असून जरासा फिरलेला असेल, आकाराने लहान किंवा खुंटीसारखा निमुळता असेल, कोपरा तुटलेला असेल, तर दातावर नुसते कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे भरण, चढवून एका बैठकीत सुंदर काम होते आणि दात फारसा घासावाही लागत नाही. पोर्सिलेनच्या व्हिनियरसाठी साधारण अर्धा मिलिमीटर थर काढावा लागतो. काही दातांना त्याहून कमी चालते. पूर्ण कॅपसाठी चारही बाजूंनी बरेच जास्त घासावे लागते. पण खालच्या दाताच्या मागे गेलेल्या दातासाठी पोर्सिलेन ठेवायला जागाच नसते, कारण कॅप जिथे यायला हवी तिथे खालचा दात उभा आहे. शिवाय निरगुडीताईंची खरी तक्रार खालच्या दाताच्या हिरडीची आहे, आणि चुकीच्या दिशेने बसणारा मार थांबल्याशिवाय ती थांबणार नाही.

वेंगुर्ल्याची

हे वाचून माझ्या मुलाचे आठवले, म्हणून पालकांसाठी लिहिते. तो साडेआठ वर्षांचा असताना त्याचा वरचा एक पटाशीचा दात असाच खालच्या दातामागे उगवला. आम्ही गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात दाखवले. तिथे टाळूला बसणारी, काढता-घालता येणारी गुलाबी प्लेट दिली. तिच्यात दातामागे इंग्रजी झेड अक्षरासारखी वळवलेली बारीक तार होती आणि दाढांवर प्लेटचाच जाड थर आलेला होता, म्हणजे चावताना पुढचे दात लागत नसत. दर भेटीत डॉक्टर ती तार किंचित उघडून देत. काही महिन्यांत दात पुढे आला. एकदा तो खालच्या दाताच्या पुढे येऊन नीट मिटू लागल्यावर वेगळा रिटेनरही (सरळ झालेला दात जागेवर धरून ठेवणारे साधन) द्यावा लागला नाही, कारण खालचा दातच त्याला मागे जाऊ देत नाही असे त्यांनी सांगितले. त्या वयात काम किती थोडक्यात झाले ते आता कळते. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात हलत नसेल आणि मागून नवा दात दिसू लागला असेल, तर एकदा दाखवून घ्यावे.

कऱ्हाकाठ

मी पुण्यात अलायनर घेतले होते, वरचा सुळा फिरलेला होता म्हणून. चांगले आणि वाईट दोन्ही सांगतो. प्लॅस्टिकचा एकेक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटरच हलवतो आणि आठवड्याने किंवा दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा असतो. दिवसाचे २० ते २२ तास तो तोंडात हवा. कागदावर हे सोपे वाटते. आमच्या कार्यालयात सकाळी अकराला चहा, साडेतीनला चहा, संध्याकाळी कुणाचा तरी वाढदिवस. साचा घालून गरम चहा घेता येत नाही, आणि चहा घेतल्यावर तोंड न धुता साचा घातला तर दातांवर गोड पाणी कोंडून राहते. ज्याला आपली सवय मोडवत नाही त्याने अलायनरच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. साचा जेवताना टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून ठेवला आणि वेटरने ताटासकट उचलून नेला, हेही माझ्या बाबतीत घडले.

सुळ्याच्या बाबतीत आणखी एक. सुळा गोल असतो, त्यामुळे गुळगुळीत प्लॅस्टिकला त्याला फिरवण्यासाठी पकड मिळत नाही. म्हणून दातावर त्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवले होते. म्हणजे ‘दातांना काहीही चिकटवावे लागत नाही’ ही जाहिरात पूर्ण खरी नाही. इतके करूनही संगणकावर दाखवलेली शेवटची स्थिती आली नाही आणि पुन्हा स्कॅन करून साच्यांचा नवा संच करावा लागला. तो संच करारात होता म्हणून बरे.

टेम्सकाठी

मी लंडनला असते. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत प्रौढांच्या दातांचे असे उपचार सहसा होत नाहीत, आणि मुलांनाही वाकडेपणा ठरावीक श्रेणीच्या वर असेल तरच मिळतात. एखाददुसरा किरकोळ वाकडा दात त्यात बसत नाही. म्हणून पुष्कळ लोक घरपोच अलायनरकडे वळले होते: पेटी घरी येते, माप स्वतः घ्यायचे, साचे टपालाने येतात. त्यातल्या स्माइलडायरेक्टक्लब या अमेरिकी कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये ती बंदच पडली. ज्यांचे दात अर्ध्या वाटेवर होते त्यांना विचारायला कोणी उरले नाही. चित्रफीत दाखवणाऱ्या काउंटरवर पैसे भरण्याआधी, तुमचा दात प्रत्यक्ष कोण तपासणार आहे, त्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक काय, हे लेखी घ्या.

निरगुडी

सर्वांचे आभार. दोन शंका राहिल्या आहेत. हिरडी उतरलेली असताना तारा लावल्या तर ती आणखी उतरणार नाही का? आणि माझ्या मोठ्या दिरांचे वय ५२ आहे. त्यांचा खालचा एक दात मागच्या दोन वर्षांत वाकडा होऊन पुढे आला आहे. तेही आता ‘तुझे झाले की मी पण तारा लावतो’ म्हणत आहेत.

ऑर्थो_सांगली

आधी तुमच्या दिरांविषयी लिहितो, कारण ते जास्त निकडीचे आहे. लहानपणापासून वाकडा असलेला दात आणि पन्नाशीत नव्याने सरकलेला दात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वयानुसार खालच्या पटाशीच्या दातांची थोडी गर्दी अनेकांना होते, आणि त्याचे खापर अक्कलदाढेवर फोडले जाते, जरी तसा पुरावा अभ्यासांत सापडलेला नाही. परंतु दात पुढे झुकला असेल, शेजारी फट पडली असेल, तो लांब झाल्यासारखा वाटत असेल किंवा हलत असेल, तर हिरडीचा आजार हाडापर्यंत गेल्याची शक्यता आधी तपासली पाहिजे. दात वाकडा होणे हे कित्येकदा त्या आजाराचे रुग्णाच्या नजरेस येणारे पहिले लक्षण असते. अशा दातावर आजार आटोक्यात आणल्याशिवाय तारेचा दाब दिला तर उरलेले हाडही वेगाने जाते. त्यांना आधी हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवा, हिरडीच्या खोलीची मोजणी आणि एक्सरे करून घ्या. त्यांना मधुमेह असेल तर रक्तातील साखरही पाहून घ्या, कारण साखर वाढलेली असताना हिरड्या लवकर बिघडतात. आजार आटोक्यात आल्यावर पन्नाशीतही दात सरळ करता येतात. वयाची अशी मर्यादा नाही.

गर्दी फक्त खालच्या चार दातांत असेल आणि दाढा नीट बसत असतील, तर एक पटाशीचा दात काढून बाकीचे तीन रांगेत आणणे हाही मान्य पर्याय आहे. चार उपदाढा काढण्यापेक्षा तो सुटसुटीत, पण खालच्या तीन दातांची मध्यरेषा वरच्या मध्यरेषेशी जुळत नाही, आणि वर्षानुवर्षे एकमेकांवर चढलेले दात सरळ झाल्यावर त्यांच्यामध्ये हिरडीजवळ काळा त्रिकोण दिसू शकतो. ही गोष्ट आधी सांगितली तर रुग्ण स्वीकारतो, नंतर सांगितली तर भांडतो.

आता तुमची शंका. उतरलेली हिरडी आपोआप पूर्ववत होईल असे आश्वासन कोणीही देऊ नये. मात्र चुकीचा मार थांबला की ती उतरणे बहुधा थांबते, आणि दात हाडाच्या मध्यभागी परत आणला गेला तर काही वेळा हिरडीची स्थिती सुधारतेही. हाड पातळ असेल तर आधी हिरडीचे कलम करावे का, हे तुमच्या डॉक्टरांनी हिरडीच्या तज्ज्ञाशी बोलून ठरवावे. तारा असताना ब्रशिंग ढिले पडले, तर तारेभोवती दातावर पांढरे डाग पडतात आणि ते कायम राहू शकतात. दात सरकताना मुळांची टोके किंचित झिजतात. बहुतेकांमध्ये ते नगण्य असते, पण मधेच एकदा एक्सरे काढून पाहणे हितावह असते.

कऱ्हाकाठ

सिरॅमिक तारा कशा असतात? दिसत नाहीत म्हणतात.

ऑर्थो_सांगली

कमी दिसतात. त्यातले दातांवर चिकटवायचे चौकोनी तुकडे पांढरे असतात, पण त्यांना तार बांधणारी पारदर्शक रबरे हळदीने दोन-तीन जेवणांत पिवळी होतात. आपल्याकडे रोज रस्सा खाणाऱ्याला मी पांढऱ्या तुकड्यांना धातूच्या बारीक तारेने बांधून देतो. आतल्या बाजूने लावायच्या तारा अजिबात दिसत नाहीत, मात्र त्या महाग असतात आणि सुरुवातीला जिभेला घासतात. खर्चाच्या दृष्टीने साध्या धातूच्या तारा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते निरगुडीताईंसारख्या दातासाठी सर्वांत भरवशाच्या. खर्चच अडचण असेल तर मुंबईत नायर दंत महाविद्यालय किंवा शासकीय दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त जातो, पण तपासणी काटेकोर असते.

निरगुडी

काल तिसऱ्या डॉक्टर बाईंकडे पुन्हा गेले आणि जागेचा प्रश्न विचारला. त्यांनी दातांचे माप घेऊन प्लास्टरचा साचा तयार ठेवलाच होता. त्यावर बारीक टोकांचे मापक लावून दाखवले की फट जवळपास दोन मिलिमीटर कमी आहे. त्यातली बरीचशी कमान किंचित रुंद करून आणि थोडी शेजारच्या दातांच्या कडा घासून मिळेल, दात काढावा लागणार नाही. एक्सरेमध्ये मूळ टाळूकडे आहे, म्हणून शेवटचे काही महिने चौकोनी तारेसाठी लागतील हेही त्यांनी आपणहून सांगितले. खालच्या दाताच्या हिरडीसाठी आधी त्यांच्या ओळखीच्या तज्ज्ञांना दाखवायचे आहे. त्यानंतर धातूच्या तारा लावण्याचे नक्की केले आहे. दाढांवर उंचवटे असेपर्यंत भाकरी चावणे अवघड जाईल, चिक्की, ऊस आणि कैरीच्या फोडी पूर्ण बंद, असे त्यांनी बजावले. काउंटरवाल्यांचे फोन अजून येत आहेत, सवलतही वाढली आहे.

ऑर्थो_सांगली

छान. निघण्याआधी अंदाजपत्रकात रिटेनर धरला आहे का, ते मात्र पाहून घ्या. हाड काही महिन्यांत स्थिरावते, पण हिरडीतले ताणलेले तंतू दाताला जवळपास वर्षभर मागे ओढत राहतात, आणि फिरलेल्या दातांच्या बाबतीत ही ओढ सर्वांत चिवट असते. तुमचा दात पुढे आल्यावर खालचा दात त्याला आत जाण्यापासून बऱ्यापैकी रोखेल, तरी मागून चिकटवलेली बारीक तार किंवा रात्री घालायचा पारदर्शक साचा यांपैकी एक लागेलच. साचा घेतलात तर तो गरम पाण्याने धुऊ नका, आकार बिघडतो. चिकटवलेली तार घेतलीत तर तिच्याखालून फिरवायचा छोटा ब्रश आताच लिहून घ्या, तालुक्याच्या औषध दुकानांत तो सहसा ठेवत नाहीत.